फरक नगण्य

सोमवार, १९ ऑक्टोबर १९५३. सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या काट्यावर हंबीरराव सरनोबत यांचे वजन ब्याण्णव पौंड भरले. अंगात सदरा आणि धोतर होते. चपला डॉक्टरांनी काढायला लावल्या होत्या.

आकडा वहीत उतरवून डॉक्टरांनी पुढचे सगळे हंबीररावांच्या बायकोला, शालूबाईंना, सांगितले. मिरजेच्या बाजूला क्षयाच्या रुग्णांचे एक इस्पितळ होते. तिथे ३० नोव्हेंबरला एक खाट रिकामी होणार होती. हंबीररावांच्या उजव्या फुफ्फुसाचा वरचा भाग काढावा लागणार होता आणि शहाण्णव पौंडांच्या आतल्या माणसाला तिथले सर्जन टेबलावर घेत नसत. ३० तारखेला सकाळी दहा वाजता याच काट्यावर पुन्हा वजन करायचे. शहाण्णव भरले तर चिठ्ठी मिळेल. नाही भरले तर खाट दुसऱ्याला जाईल. मध्ये सहा आठवडे होते आणि भरायचे होते चार पौंड. सुया चालू राहतील, दूध-अंडी सोडायची नाहीत, असे सांगून त्यांनी एका कागदावर इंग्रजीत दोन शब्द लिहिले.

"हे रोज एक कप," ते म्हणाले.

बाहेर बाकावर वीसेक माणसे खोकत बसली होती. शालूबाईंनी कागद पदराच्या टोकाला बांधला आणि नवऱ्याला उठवले.

हंबीरराव संस्थानच्या पलटणीत हवालदार होते. संस्थान विलीन झाले तेव्हा ते घरी आले. खोकला नंतर सुरू झाला. पलटणीत शिकलेली इंग्रजी अक्षरे त्यांना अजून लावता येत. टांग्यात त्यांनी कागद वाचला : बीफ टी. टी म्हणजे चहा, हे दोघांनाही माहीत होते.

संध्याकाळी शालूबाई राजारामपुरीच्या मोठ्या रस्त्यावर गुंडू पाटण्याच्या चहापुडीच्या दुकानात गेल्या.

"बीफ चहा द्या पावशेर."

"कुठला?"

"बीफ."

गुंडूने फळीवरचे पुडे वरपासून खालपर्यंत बघितले. "लाल पुडा हाय, हिरवा हाय, सुटी डस्ट हाय. बीफ ही कुठली कंपनी, वैनी? मुंबैची?"

"डॉक्टरनी लिवून दिलंय."

"मग औषधाच्या दुकानात इचारा की. चहाचं औषध कवापास्नं झालं?"

दुकानात एक शाळामास्तर उभे होते. त्यांनी कागद मागून घेतला, वाचला, हसले आणि मग हसायचे थांबले. "बाई, हा चहा नव्हे," ते म्हणाले. "हे मोठ्याचं. उकळून काढलेलं पाणी."

कोल्हापुरात बोकडाच्या मांसाला नुसते मटण म्हणतात. म्हशीच्या, रेड्याच्या मांसाचे कोणी नाव घेत नाही. 'मोठ्याचं' एवढेच म्हणतात, तेही आवाज खाली घेऊन. गुंडूने तागडीचे पारडे फडक्याने पुसले. त्यात अजून काहीही पडलेले नव्हते.

सरनोबतांच्या घराला लागून दत्तोपंत हेर्लेकर राहत. मध्ये छातीएवढी भिंत होती. दत्तोपंत एका कॉलेजात रसायनशास्त्राचे डेमॉन्स्ट्रेटर होते. वय बावन्न, लग्न झालेले नव्हते. १९४८च्या फेब्रुवारीतल्या जाळपोळीत पेठेतले घर गेले, थोरले भाऊ बिऱ्हाड घेऊन पुण्याला गेले, दत्तोपंत नोकरीसाठी मागे राहिले आणि त्यांनी राजारामपुरीत दोन खोल्या घेतल्या. पाच वर्षांत त्या खोल्यांत दूधवाली आणि पोस्टमन यांच्याशिवाय कोणी आल्याचे शेजाऱ्यांना आठवत नव्हते. सरनोबतांकडेही दोन वर्षांत कोणी आले नव्हते. तिथे यायला लोक भीत होते.

शालूबाई भिंतीपाशी आल्या तेव्हा सहा वाजले होते. त्यांनी कागद भिंतीवरून पुढे केला.

"मास्तर, ह्ये मोठ्याचंच हाय व्हय?"

दत्तोपंतांनी वाचले. "हो."

"आमच्या उंबऱ्याच्या आत येत न्हाय ते. कोंबडं चालतं, बोकड चालतं. ह्ये न्हाय."

"डॉक्टरांना सांगा तसं."

"डॉक्टर ऐकून घ्यायला बसलेत व्हय? तुम्ही सांगा. त्याच्याइतकं दुसरं काय ताकदीचं? माझ्या माहेरचा केरबा, पेठ वडगावचा, त्याची हितं खानावळ हाय. कोंबड्यांचं पाय तिथं टाकूनच देत्यात. पायाचा रस्सा केला तर? पाय म्हंजेबी मांसच की."

"असं सांगता येणार नाही," दत्तोपंत म्हणाले. "मोजावं लागेल."

"मग मोजा."

कॉलेजात दत्तोपंत प्राध्यापकांच्या तासासाठी द्रावणे तयार करून ठेवत आणि मुलांनी फोडलेल्या नळ्यांची यादी करत. त्यांना स्वतः काही मोजायला कोणी सांगितल्याला बरीच वर्षे झाली होती. त्यांनी होकार दिला आणि रात्री जेवताना वहीत प्रयोगाची पानभर तयारी लिहिली.

मांसातला नत्र किती हे काढायचे आणि सव्वासहाने गुणायचे, म्हणजे प्रथिने किती ते कळते, अशी ती पद्धत होती. पाय शालूबाई देणार होत्या. दुसरी वस्तू आणायची कोणी, हा प्रश्न उरला. शनिवारी दुपारी दत्तोपंतांनी प्रयोगशाळेतल्या हमालाला, पिराजी कांबळेला, बाजूला बोलावले.

"पिराजी, एक काम आहे. मोठ्याचं मटण लागेल पावशेर. प्रयोगाला."

पिराजी काचेच्या नळ्या पुसत होता. त्याने पुसणे थांबवले नाही. "मलाच का सांगितलंसा, साहेब?"

त्याने हातातली नळी उजेडात धरून पाहिली.

"आमच्या बानं माणगावच्या परिषदेस्नं येऊन घरातली मोठ्याची मडकी फोडली. तवा मी तीन वर्सांचा. मी त्याची चव बघितल्याली न्हाय. तुम्ही बघितली न्हाईसा, तसंच." नळी घोडीला लावून त्याने पुढची उचलली. "दुकान कुठं हाय ते सांगतो. ते गावातल्या सगळ्यास्नीच ठावं हाय."

त्याने रस्ता सांगितला. त्या दिवसापासून तो दत्तोपंतांशी कामापुरतेच बोलू लागला. याआधी तो चहाच्या वेळी आपल्या मुलीच्या शाळेचे काही काही सांगत असे.

दुकान बाबालाल नावाच्या माणसाचे होते. धोतर, कोट, टोपी आणि चष्मा बघून तो ठोकळ्यामागून उठून उभा राहिला.

"कशाला पायजे, पंत?"

"तपासणीला."

बाबालालचा सुरा हवेत राहिला. "हाल्याचं, रेड्याचं हाय साहेब. गाईचं न्हाय, लिवून घ्या. आज सकाळचं हाय. शिक्का बघा, हितं."

"मी कॉलेजातून आलोय."

"व्हय व्हय, सगळे साहेब असंच सांगत्यात." त्याने मांडीचा उत्तम तुकडा कापला, दोन पानांत बांधला आणि पैशाला हात लावला नाही. दत्तोपंतांनी पैसे ठोकळ्यावर ठेवले आणि निघाले. नमुना दुकानातला सर्वांत चांगला होता, सर्वसाधारण नव्हता, हे त्यांनी घरी येऊन वहीत नोंदवले.

रविवार, २५ ऑक्टोबर. सकाळी नऊ ते संध्याकाळी साडेसहा दत्तोपंत कॉलेजच्या प्रयोगशाळेत एकटे होते. शालूबाईंनी डझनभर पाय जाळावर धरून, सोलून, नखे छाटून दिले होते. जन्मात अंडेही न फोडलेल्या माणसाने त्यांवरची कातडी, शिरा आणि होते तेवढे मांस हाडापासून सोडवले. दुसरा तुकडा बारीक केला. दोन्हींचे वजन केलेले भाग सल्फ्युरिक अ‍ॅसिडमध्ये उकळत ठेवले. जळक्या केसांसारखा वास व्हरांड्यापर्यंत गेला. रविवार असल्यामुळे तक्रार करायला कोणी नव्हते. प्रत्येक मोजणी त्यांनी तीनदा केली. तिन्ही वेळा आकडे जवळ जवळ आले. लोह मोजण्याची सोय नव्हती, म्हणून त्याबद्दल त्यांनी काही लिहिले नाही.

सोमवारी संध्याकाळी त्यांनी भिंतीवरून कागद दिला. त्यावर मराठीत, सुवाच्य अक्षरात लिहिले होते :

कोंबडीचे पाय : शंभर भागांत प्रथिने १९.४
मोठ्याचे मांस : शंभर भागांत प्रथिने २०.१
फरक नगण्य.

शालूबाईंना मराठी वाचता येत होते, पण शेवटचा शब्द अडला.

"नगण्य म्हंजे?"

"मोजता येणार नाही इतका."

"इतका?"

"इतका."

शालूबाईंनी कागदाकडे बराच वेळ पाहिले. मग तो कपाळाला लावला. "दोन वर्सांत पयल्यांदा कुणीतरी चांगलं लिवून दिलं," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. तो कागद त्यांनी खळीने चुलीमागच्या भिंतीला चिकटवला. त्याच दिवशी सकाळी हंबीररावांचे वजन त्र्याण्णव भरले होते.

यानंतर तीन आठवडे रोज संध्याकाळी सहा वाजता दोघे भिंतीपाशी येत. शालूबाई बातमी देत. आज दीड वाटी घेतली. आज मीठ कमी म्हणाले. आज केरबा दाराबाहेरून ओरडून गेला, "दाजी, चालून चालून चार कोंबड्यांचं पाय झिजलं, तुमी कवा चालणार?" आणि हे हसले; हसताना खोकला आला नाही. दत्तोपंत विचारत, किती वेळ उकळले, पाणी किती घातले, पाय किती होते. त्यांना ते प्रश्न एरवी कोणाला विचारता आले नसते. दहा-बारा मिनिटांत बोलणे संपे. दत्तोपंतांच्या दिवसातले ते सर्वांत लांब बोलणे होते.

दिवाळी आली. गल्लीत दोनच घरांत पाहुणे नव्हते. शालूबाईंनी चिवड्याची वाटी भिंतीवर ठेवली. दत्तोपंत सोवळे मानतात की नाही हे ठाऊक नसल्यामुळे त्या वाटी ठेवून आत गेल्या. दत्तोपंतांनी चिवडा खाल्ला, वाटी धुतली, तिच्यात पुण्याहून आलेल्या पार्सलातले दोन लाडू घातले आणि पुन्हा भिंतीवर ठेवली.

वजनाची नोंद अशी होती. २ नोव्हेंबर, साडेत्र्याण्णव. ९ नोव्हेंबर, साडेब्याण्णव. १६ नोव्हेंबर, एक्क्याण्णव.

"काटाच खोटा हाय त्या डॉक्टरचा," शालूबाई १६ तारखेला म्हणाल्या. त्या रात्री दत्तोपंतांनी वहीतला सगळा हिशेब पुन्हा केला. गुणाकार बरोबर होते.

मंगळवार, १७ नोव्हेंबर. दिवाळीच्या सुटीनंतर कॉलेजचे ग्रंथालय उघडले होते. दुपारी तीनच्या सुमारास दत्तोपंतांना एका जुन्या इंग्रजी मासिकात हवे ते सापडले. कातडी, शिरा, कूर्चा यांतली प्रथिने उकळली की त्यांचा सरस होतो, असे तिथे लिहिले होते. नत्र त्यांत भरपूर असतो, पण शरीराला स्वतः बनवता येत नाही असा एक घटक नसतो. ज्या उंदरांना नुसते हेच प्रथिन दिले त्यांचे वजन घटत गेले. दुधाबरोबर दिले तेव्हा घटले नाही. खालच्या टिपेत, उकळून गाळलेल्या बीफ टीतही फारसे काही नसते, पोषण हवे तर मांस पोटात गेले पाहिजे, असे म्हटले होते. दत्तोपंतांनी तो मजकूर उभ्यानेच दोनदा वाचला. नत्र मोजणारी त्यांची पद्धत सरस आणि मांस यांत भेद करू शकत नव्हती. त्यांना हे माहीत नव्हते आणि माहीत नसल्याचेही माहीत नव्हते.

सहा वाजता ते भिंतीपाशी उभे होते.

"शालूबाई, माझ्या कागदात चूक आहे."

"कसली?"

"आकडे बरोबर आहेत. खाली मी जे लिहिलं ते चूक. पायांतलं प्रथिन वेगळं असतं, सरसाचं. नुसत्या त्याच्यावर माणूस भरत नाही. दुधाच्या जोडीला दिलं तर ठीक. तुमचं दूध चालूच आहे, म्हणून फार काही—"

"दूध कुठलं? दूध बंद केलं की."

"कधी?"

"तुमचा कागद आला त्याच आठवड्यात. अंडीबी."

"का?"

"का म्हंजे! त्यांच्या पोटात एवढं सगळं मावत न्हाय, मास्तर. दूध घेतलं की रस्सा ऱ्हातो, रस्सा घेतला की दूध ऱ्हातं. मग दोन्हीतलं भारी ते द्यायचं. तुम्हीच सांगितलंसा की, कागदात पाय वर, मोठ्याचं खाली, आन् फरक मोजता येणार न्हाय इतका हाय म्हणून."

दत्तोपंतांनी भिंतीवर हात टेकला. "इतका लहान, असं मला म्हणायचं होतं."

"लहान असंल तर मोजता यील की!" शालूबाईंचा आवाज चढला. "बोटावर मोजता यील. मोजता येत न्हाय ते मोठं असतं. चांदण्या मोजता येत न्हाईत. माझं हाल मोजता येत न्हाईत. तुम्ही शिकल्यालं, तुम्हाला एवढं मराठी येत न्हाय?"

"चूक माझी आहे. उद्या दुसरा कागद लिहून देतो."

"त्यो खरा कशावरनं?"

"पुस्तकात आहे."

"पयला तुम्ही स्वता मोजून लिवला. ह्यो नुसता वाचून लिवणार. मी कुठला खरा धरायचा?"

शालूबाई आत गेल्या. जाताना रोज म्हणत तसे "येतो, मास्तर" म्हणाल्या नाहीत.

बुधवारी सकाळी साडेसहा वाजता दूधवाली सरनोबतांच्या दारात थांबलेली दत्तोपंतांनी पाहिली. संध्याकाळी सहाला शालूबाई भिंतीपाशी आल्या नाहीत. पुढचे अकरा दिवस आल्या नाहीत.

त्याआधी, बुधवारीच दुपारी पावणेपाचला, सरनोबतांच्या मागच्या खोलीच्या खिडकीतून हाक आली. ही खिडकी दोन घरांमधल्या बोळात उघडत असे. शालूबाई रोज साडेचारला केरबाच्या खानावळीत पाय आणायला जात आणि सव्वापाचपर्यंत परत येत. हंबीरराव गजांना धरून उभे होते. दत्तोपंतांनी त्यांना इतक्या जवळून प्रथमच पाहिले.

"काल सगळं ऐकलं मी," हंबीरराव म्हणाले. "भिंतीला लागूनच खाट हाय माझी. तुमच्या रोजच्या गप्पा मला पाठ हायत."

"माझ्यामुळे तीन आठवडे गेले, हंबीरराव."

"गेलं ते गेलं. ते दुकान तुम्हाला ठावं हाय न्हवं? ते आणा. मी खातो."

दत्तोपंतांनी विचारले, "शालूबाईंना?"

"तिला न्हाय सांगायचं." ते दम घ्यायला थांबले. "माझ्यापायी तिचं माहेर तुटलं, सणवार तुटलं. हळदीकुंकवाला तिला कुणी बोलवत न्हाय. तिचा उंबरा तेवढा तिच्याकडं ऱ्हाऊ द्या. आन् मला..." त्यांनी बोळाच्या दोन्ही टोकांना बघून घेतले. "मला जगायचंय, मास्तर. पलटणीतल्या माणसानं असं सांगू नये. पण जगायचंय."

गुरुवारी सकाळी दत्तोपंत पुन्हा बाबालालच्या दुकानात उभे राहिले.

"परत तपासणी, साहेब?"

"नाही. विकत."

बाबालालने त्यांच्याकडे नीट पाहिले. मग नेहमीच्या गिऱ्हाईकाला देतात तसा बरा-वाईट मिसळून तुकडा तोलला. "बारीक करून देऊ? आजारी माणसाला असंल तर बारीक बरं."

"हो," दत्तोपंत म्हणाले.

स्वयंपाकघरात ते नेणे त्यांना जमले नाही. न्हाणीत स्टो ठेवून त्यांनी एका जुन्या पातेल्यात ते शिजवले. गाळले नाही. मीठ किती घालायचे हे त्यांना शालूबाईंच्या बोलण्यावरून माहीत होते. घरात झाकणाचे दोन डबे होते. लहान डब्यातले हिंदकळून सांडले असते, म्हणून त्यांनी मोठा घेतला. पावणेपाचला डबा खिडकीच्या गजांतून आत गेला नाही. हंबीररावांनी वाटी बाहेर धरली आणि दत्तोपंतांनी ओतले. पाच वाजून पाच मिनिटांनी वाटी रिकामी झाली. हंबीररावांनी चुळा भरल्या आणि लवंग चघळली. दत्तोपंतांनी बोळातले ओघळ पाण्याने धुतले.

सोमवारी, २३ तारखेला, वजन साडेत्र्याण्णव भरले. हंबीररावांनी ते खिडकीतूनच सांगितले. एका आठवड्यात अडीच पौंड वाढले होते, आणखी अडीच हवे होते, आणि दिवस सात राहिले होते. दत्तोपंतांनी वहीत आकडा लिहिला. पुढे कारण लिहायला जागा सोडली. दूध बुधवारपासून होते, डबा गुरुवारपासून. एका प्रयोगात दोन गोष्टी एकदम बदलू नयेत, हे ते पहिल्या वर्षाच्या मुलांना सांगत आले होते. जागा कोरीच राहिली.

शनिवार, २८ नोव्हेंबर. साडेचारला शालूबाई बाहेर गेल्या नाहीत. दत्तोपंत डबा घेऊन बोळाच्या तोंडाशी आले तेव्हा त्या खिडकीखाली भांडी घासत बसल्या होत्या. त्यांनी वर पाहिले. दत्तोपंत मागे फिरले. घरात नेण्याऐवजी डबा त्यांनी भिंतीवर ठेवला. तो तिथे का ठेवला, याचे उत्तर ते नंतरही देऊ शकले नसते. सहा वाजता त्यांनी पाहिले तेव्हा डबा भिंतीवरच होता, पालथा, राखेने घासून लख्ख केलेला. आतले कोणाच्या पोटात गेले की गटारात, ते डब्यावरून कळण्यासारखे नव्हते.

रविवारी शालूबाई चारलाच केरबाकडे गेल्या, रोजच्यापेक्षा अर्धा तास आधी. खिडकीत हंबीररावांनी वाटी पुढे केली.

"काल?" दत्तोपंतांनी विचारले.

"काल जेवणात जे आलं ते खाल्लं," हंबीरराव म्हणाले. "मी इचारलं न्हाय. तिनं सांगितलं न्हाय."

परतताना दत्तोपंतांनी रिकामा डबा पुन्हा भिंतीवर ठेवला.

सोमवार, ३० नोव्हेंबर. सकाळी नऊला केरबा टांगा घेऊन आला. शालूबाईंनी दोन वळकट्या आणि एक ट्रंक बाहेर आणली. शहाण्णव भरले तर तिथूनच मिरजेची गाडी पकडायची होती. तीन महिने तरी दोघे परतणार नव्हते. दत्तोपंत आपल्या पायरीवर उभे होते. वजन भरावे असेच त्यांना वाटत होते. भरले तर शेजारच्या घराला कुलूप राहील, हेही ते जाणून होते.

हंबीरराव भिंतीला धरत बाहेर आले. त्यांच्या अंगात पलटणीतला खाकी गरम कोट होता, गुडघ्यापर्यंत, पितळी बटणांचा.

"दाजी, बटनं घासलीयासा व्हय?" केरबा ओरडला. "डॉक्टर सलाम ठोकंल. काटा मोडला तर मी जबाबदार न्हाय बगा."

"गारठा हाय," शालूबाई म्हणाल्या. कोणी विचारले नव्हते.

दत्तोपंतांच्या अंदाजाने कोट साडेपाच पौंडांचा असावा. १९ ऑक्टोबरला डॉक्टरांनी चपलासुद्धा काढायला लावल्या होत्या.

टांगा हलला तेव्हा शालूबाई तेरा दिवसांनंतर प्रथमच दत्तोपंतांशी बोलल्या असे म्हणायला हवे. त्या मागे वळून म्हणाल्या, "मास्तर, डबा भिंतीवर ठेवलाय." 'डबा'च्या आधी आणखी एक शब्द होता. टांग्याची चाके खडीवर गेली आणि घोड्याचे घुंगरू वाजले, त्यामुळे तो 'मोठा' होता की 'मोठ्याचा', हे दत्तोपंतांना नीट ऐकू आले नाही.

सव्वानऊला टांगा वळणाआड गेला. दत्तोपंतांनी भिंतीवरचा डबा घेतला. धुतलेला होता. कॉलेजात पहिला तास साडेअकराला होता, म्हणून ते पायरीवर बसून राहिले. त्यांनी खिशातले घड्याळ काढून पाहिले तेव्हा दहा वाजून पाच मिनिटे झाली होती.